बोरमाळचा वाटा

बोरमाळच्या ग्रामपंचायतीच्या नळांना आप्पासोनं एकवीस वर्षं पाणी सोडलं. कवठे महांकाळपासून आत, दीडशे उंबऱ्यांचं आमचं गाव. घरपट्टी जमते ती दिवाबत्तीत संपते.

सहा वर्षांपूर्वी आमच्या आणि रांजणसोंडच्या शिवेवर बेदाण्याचं मोठं शीतगृह झालं. इमारत त्यांच्या हद्दीत, म्हणून तिची घरपट्टीही सगळी त्यांनाच. ट्रक मात्र आमच्या रस्त्यानं. त्या रस्त्याखालची पाण्याची लाइन दर पंधरवड्याला फुटायची आणि आप्पासो खड्ड्यात उतरून तिला सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या गुंडाळत बसायचा.

एकदा तो रांजणसोंडच्या सरपंचांकडं, श्रेणिकअण्णांकडं गेला. माणूस सरळ. त्यांनी चहा पाजला.

"अण्णा, त्या घरपट्टीतलं थोडं आमच्या रस्त्याला द्या. ट्रक तिथंच जात्यात."

"हद्द सरकारनं आखलीया, आप्पासो. आमच्या गावाचा पैसा दुसऱ्या गावाला कसा देऊ? लोक मला इचारतील."

"आमच्या बायका मला रोज इचारत्यात," आप्पासो म्हणाला आणि उठून आला.

पुढच्या चैत्रात लाइन आठ दिवस बंद राहिली. त्याची बायको लीलाबाई मळ्यातल्या विहिरीवरून घागर आणत होती. ट्रकला वाट द्यायला बाजूला झाली, पाय चाकोरीत मुरगळला आणि पडली. खुबा मोडला. मिरजेला ऑपरेशन झालं, पण घरी आल्यावर ती पुन्हा उभी राहिली नाही. अंथरुणावरून रोज विचारायची, "पाणी सोडून आलासा?"

दोन महिन्यांनी तिच्या छातीत कफ भरला. ती गेली तेव्हा आप्पासो खड्ड्यात होता. मी गावच्या अंगणवाडीत शिकवते. निरोप द्यायला मीच गेले. त्यानं हातातली पट्टी पुरी गुंडाळली, मग वर आला.

राख सावडायला श्रेणिकअण्णा आले. गाडी चिखलात रुतली म्हणून उरलेली वाट चालत आले. "कुठं पडल्या वैनी?" त्यांनी हळूच विचारलं. आप्पासोनं त्यांना नेऊन जागा दाखवली. अण्णांनी खाली वाकून ती चाकोरी पाहिली.

त्यानंतर रांजणसोंडच्या ग्रामसभेत अण्णांनी विषय काढला. "इमारत आपल्या हद्दीत हाय, पण तिचा भार दोन गावं सोसत्यात. पट्टी एकट्यानं खायची हे बरं न्हाई." लोक चिडले, दोन सभा नुसत्या भांडणात गेल्या. तिसऱ्या सभेत ठराव झाला: त्या घरपट्टीतल्या दहा रुपयांतले चार बोरमाळच्या रस्त्याला आणि पाण्याला.

वर्षभरात नवी लाइन पडली. नारळ फोडायला सगळ्यांनी आप्पासोचं नाव घेतलं. तो आला नाही म्हणून मी बोलवायला गेले. तो दारात बसून होता.

"झालं ते लय चांगलं झालं, बाई. पण मला त्या रस्त्यावर उभं ऱ्हावत न्हाई."

महिनाअखेरीस तो काम सोडून मिरजेला लेकीकडं गेला. आता बिराप्पा पाणी सोडतो. कुठं दाब कमी आला की तो आप्पासोला फोन लावतो. आप्पासो तिकडून सगळं नीट समजावून सांगतो. गावाकडं मात्र तो अजून आलेला नाही.