नळीत न उतरलेलं दूध

आखातातल्या आमच्या मुहर्रकच्या गल्लीत कुणाचं लग्न जुळायला लागलं की पहिला निरोप काझीकडे जात नाही, लुलुवाकडे जातो. कोणत्या बाईने कुणाचं पोर अंगावर पाजलं, कोणत्या साली, किती दिवस, हे तिला तोंडपाठ. पाच वेळा पोटभर पाजलं की ते पोर आपलं, आणि आपल्या पोरांचं सख्खं भावंड. मग त्यांच्यात लग्न नाही, विषय संपला. लुलुवाने आजवर तीन लग्नं अशी मोडली. एकाही घराने तिला शिव्या दिल्या नाहीत असं ती सांगते. शिव्या दिल्या, पण माझ्याकडे येऊन दिल्या. माझ्या बैठकीचा उपयोगच तो आहे.

लुलुवा म्हणजे बुटकी, गोरी, बोटांना सुईचे घट्टे पडलेली बाई. गल्लीतल्या निम्म्या मुलींचे लग्नाचे झगे तिच्या हातचे. भिंतीला भिंत लावून आम्ही तीस वर्षं राहतोय. मी बोलते, ती लक्षात ठेवते. तिचा नवरा बू अदनान, म्हणजे अदनानचा बाप, दोन्ही करत नाही, तो फक्त कॉफी पितो आणि आपलं घराणं थेट नज्दच्या वाळवंटातून कसं शुद्ध आलं ते सांगतो.

त्यांच्या एकुलत्या एका मुलाला, अदनानला, बँकेत एक मुलगी आवडली. तिचं नाव दलाल. चौकशी केली तर निघाली आमच्याच बदरियाची लेक. बदरिया पूर्वी लुलुवाच्या मागच्या घरात राहायची. दलाल वर्षाची झाली आणि ते लोक रिफ्फाला मोठ्या घरात गेले. तेव्हापासून बदरियाला आमच्या गल्लीची धूळ सोसत नाही. पण मुलगा चांगला म्हटल्यावर आली, लेकीला घेऊन, रुमाल नाकाला लावून आली. येताना पिशवीत खजूर नाही, हलवा नाही, पुठ्ठ्याचे पाच डबे.

"हे काय, अत्तर आणलंस?" मी विचारलं.

"लतीफा, तू अजून तश्शीच आहेस," बदरिया म्हणाली. "ही डीएनएची नळी. यात थुंकायचं आणि परदेशात पाठवायचं. पूर्वज कळतात, पुढचे आजार कळतात, मुलामुलीचं कुठे नातं लागत असेल तर तेही कळतं. आता काय म्हाताऱ्या बायकांना विचारत बसायचं?"

म्हातारी बाई समोरच सुपारीएवढं तोंड करून बसली होती. मला वाटलं, लुलुवा आता काहीतरी बोलेल. तिने फक्त एवढंच विचारलं, "दलालही थुंकणार ना यात?"

"सगळेच."

"मग दे."

अर्धा तास काही खायचं नाही, प्यायचं नाही, अशी अट होती. बू अदनानला आयुष्यात प्रथमच कॉफीपासून तोडलं. त्याचं तोंड असं सुकलं की रेघेपर्यंत नळी भरेना. मी म्हटलं, "भावाने वाटणीत तुमची होडी कशी लाटली ते आठवा, भरेल." दोन मिनिटांत भरली. लुलुवाने मात्र सगळ्यांच्या आधी रेघेच्या वर भरली. आणि दलालची नळी उजेडात धरून बघितली. "हिची कमी तर नाही ना? परत येणार नाही ना?" असं दोनदा विचारलं. एवढी हौस तिला कशाची, ते मला तेव्हा कळलं नाही.

दीड महिन्याने अदनानच्या मोबाइलवर रिपोर्ट आले. गल्लीतली सगळी रिकामी माणसं जमली, म्हणजे मी जमले. बू अदनानच्या शुद्ध घराण्यात पाचवा हिस्सा समोरच्या इराणी किनाऱ्याचा निघाला, थोडा झांझिबारकडचा, आणि चार टक्के हिंदुस्थानचा. "मोत्यांच्या धंद्यात आजोबा मुंबईला जायचे ना?" मी म्हटलं. त्या दिवसापासून तो माझ्याशी बोलत नाही, नुसता खाकरतो. शिवाय त्याला पुढे मधुमेह होण्याचा धोका आहे असंही कळलं. मधुमेह त्याला अकरा वर्षांपासून आहे. बदरियाला मात्र हृदयाचं काहीतरी लिहून आलं, तेव्हापासून ती बोलता बोलता स्वतःचीच नाडी धरते.

"अदनान आणि दलाल, नातं काही नाही," अदनानने वाचलं.

"आणि माझं? माझं आणि दलालचं?" लुलुवाने विचारलं.

"तुझं कुठून असेल, युम्मा? काही नाही."

लुलुवाने तिथेच जमिनीला कपाळ टेकलं. मग उठून स्वयंपाकघरात गेली आणि मोठ्या पातेल्यात माशाचा भात रांधायला घेतला. गुणगुणत होती. लुलुवा गुणगुणते हे तीस वर्षांत मला ठाऊक नव्हतं. बदरियाने तेवढ्यात निकाहची तारीखही सांगून टाकली, जणू रिपोर्टाखाली काझीची सहीच होती.

लग्नाआधी आमच्याकडे सरकारी दवाखान्यात दोघांचं रक्त तपासावं लागतं, रक्ताचा जो आजार आमच्या बेटावर घराघरात आहे त्यासाठी. मुलांबरोबर लुलुवा गेली, आणि ती गेली म्हणून मी गेले. बदरियाने रिपोर्टाचे छापील कागद फाईलमध्ये घालून दिले होते.

नर्सने फाईल उघडली, बंद केली आणि लुलुवाला मावशीच्या नात्याने म्हणाली, "खाला, हे आम्हाला चालत नाही. बाही वर करायला सांगा दोघांना."

"पण यात आजार नाही असं लिहिलंय," अदनान म्हणाला.

"यात त्यांनी जेवढं शोधलं तेवढं लिहिलंय. शोधलंच नाही ते अंगात नाही असं होत नाही. पूर्वजांची गंमत म्हणून ठीक आहे, घरी लावून ठेवा."

लुलुवा पुढे सरकली. आवाज एवढा हळू की मलाच वाकावं लागलं. "पोरी, दूध येतं का गं यात?"

"कसलं दूध?"

"लहानपणी प्यालेलं. त्याने हाडं होतात, मांस होतं. मग थुंकीत येणारच ना ते?"

नर्स हसली नाही, हे तिचे उपकार. "दूध पोटात जातं, खाला, पचतं. या कागदात फक्त जन्मदात्यांकडून आलेलं उतरतं. कुणी पाजलं ते जगातल्या कुठल्याच नळीला कळत नाही."

लुलुवा बाकावर बसली. मी पाणी आणलं, ते तिने हातातच धरून ठेवलं.

घरी येताना तिने सांगितलं. दलाल चाळीस दिवसांची असताना बदरियाला ताप चढला आणि तिला इस्पितळात ठेवलं. पोरीला बाटली लावायची असं ठरलं होतं, पण पोर बाटली तोंडात घेईना. तिची आजी तिला लुलुवाच्या मांडीवर ठेवून गेली. अदनान तेव्हा आठ महिन्यांचा, दूध भरपूर. दुसऱ्या दिवशी पोरीने बाटली धरली आणि आजी घेऊन गेली. आजीने सुनेला सांगितलं नाही. आता आजीही नाही.

"किती वेळा पाजलंस?"

"चार नक्की. संध्याकाळी, मग रात्री दोनदा, पहाटे एकदा." ती थांबली. "सकाळी पाचव्यांदा घेतली. तोंडात होतं, डोळे मिटलेले होते. ओढत होती की नुसती धरून झोपली होती, ते मला आठवत नाही, लतीफा. सगळ्या गल्लीचं आठवतं. एवढंच आठवत नाही."

"आणि इतके महिने गप्प बसलीस?"

"मला वाटलं, नळी सांगेल. माझ्या तोंडून कशाला, नळीच सांगेल. नाही म्हणाली तेव्हा मला वाटलं, पाचव्यांदा प्यालीच नव्हती."

मी गल्लीची विदूषक बाई, माझं डोकं आडवंच चालतं. मी म्हटलं, "तीन म्हण. कोण बघायला होतं? तीन म्हण आणि झगा शिवायला घे."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी तीस वर्षांत पहिल्यांदा माझी जीभ आत घेतली. "ज्या तीन पोरींची लग्नं मी मोडली," ती म्हणाली, "त्यांनाही मी एखादा आकडा कमी करून सांगू शकले असते."

रक्ताचा निकाल चांगला आला, पण पुढचे आठ दिवस ती जेवली नाही म्हटलं तरी चालेल. मशीन चालू असायचं आणि खाली कापड नसायचं. नवव्या दिवशी तिने बदरियाला बोलावलं, मुलांना बसवलं, आणि मशिदीच्या शेखला, आमच्या मौलवीला, घरी आणलं. जे मला सांगितलं तेच सगळ्यांसमोर सांगितलं.

बदरिया ताडकन उठली. नाडी धरायचंही विसरली. "सव्वीस वर्षं गप्प, आणि आता, कार्डं छापल्यावर? तुझ्या पोराला माझी मुलगी नकोय असं सरळ सांग ना."

"बदरिया, मला ती हवीय म्हणूनच हे सांगणं जड जातंय," लुलुवा म्हणाली.

शेखने हात वर केला. "बाई, पाचव्या वेळी ती प्याली, अशी शपथ घ्याल?"

"नाही."

"प्याली नाही, अशी घ्याल?"

"तीही नाही."

"मग चारच धरायच्या. शंकेने नातं लागत नाही. लग्न होऊ शकतं." तो उठताना म्हणाला, "तुमच्या मनाला मात्र मी निकाल देऊ शकत नाही."

दलालने एकच विचारलं, "खाला, हे पहिल्याच दिवशी का नाही सांगितलं?" अदनान दोन दिवस मित्राकडे जाऊन राहिला. तिसऱ्या दिवशी दोघं मिळून आले आणि म्हणाले, आम्हाला शेखचं पटलं. बदरियाने तारीख बदलली नाही, पण तिने आणखी कुठल्या नळ्याही मागवल्या नाहीत.

लुलुवाने मात्र आणखी दोन शेखना विचारलं. दोघांनीही तेच सांगितलं. चौथ्याला ती फोन लावत होती, मी फोन काढून घेतला.

काल दलाल झग्याच्या मापाला आली. बरोबर मी होतेच. लुलुवाने फीत तिच्या दंडाभोवती धरली.

"युम्मा, इथे जरा सैल ठेव हं," दलाल म्हणाली. सुना सासूला युम्मा, म्हणजे आई, म्हणतातच, त्यात काही नवीन नाही.

लुलुवाच्या हातातली फीत सुटली. "खाला म्हण," ती म्हणाली. "मला खालाच म्हण, पोरी."

दलालने माझ्याकडे बघितलं. एरवी मी काहीतरी बोलून हसवलं असतं. मी खाली वाकून फीत उचलून दिली.

"बरं, खाला," दलाल म्हणाली आणि हात पुन्हा पुढे केला. घेतलेलं माप लुलुवा विसरली होती. तिने पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतलं.