भिंतीवरचा ठसा

पंचवटीतल्या आमच्या तालमीत वस्ताद कुस्तीआधी प्रत्येकाला भिंतीपाशी उभं करत. बोटांना लाल मातीची काव लावून जागच्या जागी उंच उडी मारायची आणि भिंतीवर ठसा उमटवायचा. ठसा कालच्यापेक्षा खाली आला, की तोंडाकडे न बघताच ते हळू आवाजात म्हणत, "आज घरी जा, बाळ. अंगात काहीतरी आहे." असे घरी गेलेले दोघं विषमज्वराने अंथरुणाला खिळले, एक परत आलाच नाही. तेव्हापासून उडी मारायच्या आधी मी कालचा ठसा डोळ्यांनी मोजून घेई.

एका सकाळी मी लवकर पोहोचलो. वस्ताद एकटेच उडी मारत होते. त्यांचा ठसा कालच्यापेक्षा वीतभर खाली उमटला. मला पाहून त्यांनी तो ओल्या फडक्याने पुसला आणि ते कुस्तीच्या मातीच्या हौद्यात उतरले. "ये, आज माझ्याशीच लढ."

त्यांचा पंजा माझ्या मानेवर पडला, तो चटका बसावा इतका तापला होता. पण वस्तादांना घरी जा म्हणून कोण सांगणार?