हृदय सोडून बाकीचा विमा

मुलीचं बाळंतपण स्कॉटलंडमध्येच होणार होतं, म्हणून आम्ही दोघांनी तिकडे जायचं ठरवलं. माझी सगळी शिक्षकी मोखाडा तालुक्यात गेली. पासपोर्टही निवृत्तीनंतरच काढला.

अडचण माझ्या छातीची होती. आदल्या वर्षी नाशिकला स्टेंट टाकलेला. प्रवासाच्या विम्यासाठी जव्हारला गेलो. विमा काढून देणारा माझा जुना विद्यार्थी. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, स्टेंटचं नको लिहायला. कोण विचारतंय?"

तिथे काही झालं आणि विमा नाकारला, तर ओली बाळंतीण माझ्या दवाखान्याचे पैसे भरत फिरणार, हे डोळ्यांसमोर आलं. मी म्हणालो, "खरं तेच लिही."

कंपनीने विमा द्यायची तयारी दाखवली, पण हृदयाच्या आजाराचा खर्च त्यात धरणार नव्हती. मुलगी फोनवर रडली; या तरी, पुढचं बघू, म्हणाली. मीच नको म्हटलं. बायको म्हणाली, "तुम्ही नाही तर मीही नाही." तिला समजावलं, की या वेळी पोरीला आई जवळ हवी. दुसऱ्या दिवशी तिने बाळंतिणीच्या पेजेसाठी नागली दळून आणली आणि बॅग भरायला घेतली.

ती गेल्यावर मी रोज संध्याकाळी मोबाइल घेऊन घरामागच्या टेपाडावर जाई. तिथे रेंज बरी. नात बहुतेक झोपलेली असे. एकदा बायको म्हणाली, "हिच्या टाळूचा वास कसा सांगू तुम्हाला?" तेवढ्यात चित्र थिजलं. मी तसाच मोबाइलकडे बघत उभा राहिलो.

बायको परतली. पुढल्या वर्षी डॉक्टरांनी तब्येत स्थिर असल्याचं लिहून दिलं. दुसऱ्या कंपनीने जास्त हप्ता घेऊन हृदयासकट विमा दिला. आम्ही दोघंही गेलो.

विमानतळावर आजीचा आवाज ऐकताच नातीने तिच्याकडे झेप घेतली. मी हात पुढे केला, तर तिने आजीच्या खांद्यात तोंड लपवलं.

"बाबा, जरा दमानं घ्या," मुलगी म्हणाली.

घेतलं. हळूहळू ती माझं बोट धरून त्यांच्या परसात फिरू लागली. पाऊल पक्कं पडत होतं तिचं. पहिल्यांदा कुठे उभी राहिली, कुठे पडली, मुलगी जागा दाखवून सांगत होती. मी त्या प्रत्येक जागी थोडा थांबत होतो.