आपोआपवाली रागिणी

रागिणीबद्दल कुणी विचारलं की आधी माझं डोकं फिरतं, मग तोंड सुरू होतं. आम्ही दोघी इकडे उत्तरेत, पंजाबी मुलखात एका फ्लॅटमध्ये राहतो. मी उर्मिला, अमरावतीची, सेक्टर ३२ च्या सरकारी हॉस्पिटलात नर्स आहे. ती कराडची, सेक्टर ३४ मध्ये कोचिंग क्लासेसच्या गर्दीतल्या एका छोट्या कंपनीत कामाला.

तिची कंपनी शिकवणी घेणाऱ्या शिक्षकांना वेबसाइट देते. शिक्षकाने नाव नोंदवायचं, बटण दाबायचं, की कंपनीच्या पत्त्याआधी त्याचं नाव लागून त्याला स्वतःचा पत्ता मिळतो. याला सबडोमेन म्हणतात, हे मला तिनेच शिकवलं. बटण दाबलं की स्क्रीनवर येतं, ‘आपका पता अपने आप तैयार हो रहा है.’ अपने आप कसलं डोंबलाचं. तो तयार करणारी रागिणी. तिकडे पिंजौरच्या गणिताच्या सरांनी बटण दाबलं की इकडे हिचा फोन वाजतो. मग जेवत असली तर डाव्या हाताने लॅपटॉप उघडायचा, होस्टिंगच्या, म्हणजे वेबसाइटला जागा भाड्याने देणाऱ्यांच्या पानावर जायचं, सरांचं नाव टाइप करायचं आणि पत्ता बनवायचा. सरांना वाटतं, काय भारी यंत्र आहे.

मी म्हटलं, "बाई, हे खरोखरच आपोआप का नाही करत?"

"शेअर्ड होस्टिंग आहे ना ते," ती म्हणाली. "एका सर्व्हरवर शेकडो बिऱ्हाडं, आणि भाडेकरूला भिंतीत खिळासुद्धा ठोकायची परवानगी नाही. माझ्या प्रोग्रॅमला ते पत्ता बनवूच देत नाहीत. अंशुमन सरांना म्हटलं, आपला स्वतंत्र सर्व्हर घेऊ. तर म्हणाले, तू आहेस की."

अंशुमन म्हणजे तिचा मालक. गोड बोलणारा माणूस. प्रत्येक वाक्यात ‘रागिणी जी’, आणि रजेचं नाव काढलं की ‘देखते हैं’. गणपतीत देखते हैं, दिवाळीत देखते हैं. माझ्या वॉर्डात असता तर मी त्याला चांगली जाड सुई टोचली असती.

आणि अशात तिच्या भावाला, निमिषला, मुलगी झाली. तो एकुलता एक भाऊ आणि ही एकुलती एक आत्या. आमच्याकडे बारशाला बाळाच्या कानात नाव आत्यानेच सांगायचं असतं. रागिणीने नाव ठरवलं, आणि कुणालाही सांगितलं नाही, मलासुद्धा. कानात सांगेपर्यंत नाव बाहेर फुटू द्यायचं नाही, असं तिची आजी म्हणायची म्हणे. भाजी चिरता चिरता मधेच एकटी हसायची. मी समजायचे, ते नाव मनात म्हणून बघत असणार.

बारशासाठी रजा हवी तर काम खरंच आपोआप व्हायला हवं होतं. मग ही पेटली. कामावरून आल्यावर शोधत बसायची, होस्टिंगवाल्यांशी चॅटवर भांडायची. ते रोज नव्या नावाने यायचे आणि तेच उत्तर द्यायचे. शेवटी तिला वाट सापडली. एकेक नाव बनवण्याऐवजी नावाच्या जागी फुली मांडायची, चांदणीसारखी. म्हणजे कुठल्याही नावाने कुणीही आलं तरी दार एकच उघडतं, आणि आत बसलेला प्रोग्रॅम नाव वाचून ज्याचं त्याचं पान दाखवतो. होस्टिंगवाल्यांनी तेवढी चांदणी मांडू दिली. तिने कुठलीशी नावं टाकून पाहिली, पानं उघडली. त्या दिवशी तिने मला छोले-भटुरे खाऊ घातले. मालकाने रजा दिली. पुण्याच्या गाडीचं तिकीट पक्कं झालं. बाळासाठी तिने कुंची शिवून घेतली, आमच्या पंजाबी शिंपिणीला चित्र काढून दाखवून.

निघायच्या दिवशी दुपारी मालकाचा फोन. त्याने परीक्षेच्या हंगामाची मोठी जाहिरात दिली होती, शिक्षक धडाधड नावं नोंदवत होते, आणि प्रत्येक नवं पान उघडताना ब्राउझर म्हणत होता, ही साइट सुरक्षित नाही, मागे फिरा. झालं असं होतं, की सुरक्षित साइटच्या पत्त्याला एक प्रमाणपत्र लागतं. हाताने बनवलेल्या पत्त्यांना ते होस्टिंगवाले देत होते, चांदणीतून आलेल्यांना नाही. रागिणीने तपासताना साधा पत्ता टाकला होता, त्याला प्रमाणपत्र लागतच नाही. जाहिरातीत सुरक्षितवाला गेला. एवढीशी चूक. आणि त्यावरचा उपाय काय, तर प्रत्येक नाव पुन्हा हाताने बनवायचं.

"रागिणी जी, बस आज का दिन. ट्रेन कल पकड़ लेना," मालक म्हणाला.

उद्याची गाडी बारशाला पोचणार नव्हती. मी म्हटलं, "फोन बंद कर आणि चल, मी स्टेशनवर सोडते." ती बॅग दाराशी ठेवून लॅपटॉपसमोर बसली. म्हणे, "लोकांनी माझ्या भरवशावर नावं दिलीत गं." माझा इतका संताप झाला की मी पोळ्या अर्धवट टाकून खाली फिरायला निघून गेले. परत आले तर बॅग तिथेच आणि गाडी गेलेली.

बारसं रविवारी. मला सुट्टी होती, मी तिच्या शेजारीच बसले होते. निमिषने व्हिडिओ कॉल लावला. पाळणा सजवलेला, बायकांची गर्दी. रागिणी म्हणाली, "दादा, फोन तिच्या कानाला लाव. मी सांगते." त्याने लावला. ही तोंड उघडणार तेवढ्यात कुणीतरी बाई म्हणाली, "अहो, असं फोनवरून कानात सांगतात होय?" बाळ दचकून रडायला लागलं. फोन बाजूला झाला.

"रागू, तू नाव मेसेज कर पटकन," निमिष म्हणाला. "नीलाची बहीण सांगेल कानात. खोळंबलेत सगळे." नीला म्हणजे रागिणीची वहिनी.

रागिणी म्हणाली, "मी ते टाइप नाही करणार."

"अगं, नाव तर तुझंच राहील ना?"

"दादा, दिवसभर मी तेच करते. तिचं नाही करणार."

मला रागिणीचाच राग आला. मी तिला कोपराने ढोसलं, पाठव की बाई. तिने फोन उलटा करून मांडीवर ठेवला. तिकडे निमिष वैतागून काहीतरी बोलला. मग पाळणा ऐकू आला, मग टाळ्या. नीलाच्या बहिणीने आपल्या मनाने अक्षरा सांगितलं होतं. चांगलं आहे नाव, नाही कुठे म्हणते.

रागिणीने फोन सरळ केला, हसून सगळ्यांचं अभिनंदन केलं, बाळाला "अक्षरा, अक्षरा" म्हणून हाकाही मारल्या. फोन ठेवला. एका बायोलॉजीच्या मॅडमनी नाव नोंदवलं होतं, त्यांचा पत्ता बनवून दिला.

संध्याकाळी चहा देताना मी विचारलं, "तू काय ठरवलं होतंस?"

तिने कप घेतला. "जाऊ दे ना उर्मिला," ती म्हणाली. "ते आता कुणाचंच नाव नाही."