सोनापूरची रस्सीखेच आणि उसनी गोळी

शुक्रवारी सकाळी आमची गाडी दुबईतल्या करामातून निघाली, तेव्हा रस्ता मोकळा होता. मंदी येऊन वर्ष उलटलं होतं. वाटेतल्या अर्धवट इमारतींवरच्या क्रेन हलत नव्हत्या. गाडी चालवत होती माझी मामेबहीण केतकी. ती डॉक्टर आहे आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांचा रक्तदाब तपासते. "मम्मा, वी आर लेट," असं तिची मुलगी मागच्या सीटवरून सारखं बजावत होती.

मुहैस्नाह या शहराबाहेरच्या वस्तीला तिथे राहणारे कामगार सोनापूर म्हणतात. एकसारख्या इमारती, गॅलऱ्यांत वाळत घातलेले निळे डगले आणि मध्ये वाळूचं मैदान. मैदानात जाड दोर पसरलेला होता. कोकण विरुद्ध केरळ अशी रस्सीखेच व्हायची होती. नुसत्या तपासणीला इथे कोणी फिरकत नाही. आजार निघाला तर कंपनी घरी पाठवेल, ही भीती त्या वर्षी सगळ्यांनाच होती. म्हणून केतकीने नियम केला होता: आधी तपासणी, मग दोर. आकडा कंपनीला कळवायचा नाही.

कोकणचा शेवटचा गडी, म्हणजे दोर कमरेला गुंडाळून रोवून उभा राहणारा, दापोलीकडचा गवंडी सलीमभाई होता. अंगाने आडवा, आवाजाने त्याहून मोठा. त्याचा रक्तदाब अगदी व्यवस्थित निघाला.

"बघा डॉक्टरबाई, पास!" तो ओरडला. मैदानात टाळ्या पडल्या.

त्याच्यामागे त्याच्याच खोलीतला रशीद आला. तो केतकीचा जुना रुग्ण, औषध वेळेवर घेणारा. त्याचा आकडा मात्र भलताच चढलेला होता. केतकीने पुन्हा मोजला.

"रशीदभाई, आजची गोळी घेतली का?"

रशीदने सलीमकडे पाहिलं. सलीमने आभाळाकडे.

"याला दिली," रशीद म्हणाला. "कालची पण. परीक्षा आहे म्हणाला."

हशा उसळला. केरळच्या कप्तानाने हिंदीत सुनावलं, "कॉपी करके पास हुआ, हबीबी!"

केतकी मात्र हसली नाही. "अजून काय लपवलंय?"

"जिना चढताना छाती धरून बसतो," रशीद म्हणाला. "विचारलं तर म्हणतो, गॅस आहे."

"चुगलखोर मेल्या!" सलीम म्हणाला. पण खुर्चीतून उठला नाही. मग हळू आवाजात त्याने विचारलं, "बाई, हृदयाचं निघालं तर मला परत पाठवतील?"

"ते मी बघते. दोर आज खलास. तू आत्ता माझ्याबरोबर दवाखान्यात येतोस."

"मॅच बघून?"

"मॅच न बघता."

दोघं गेली. शेवटच्या गड्यावाचून कोकण दोन्ही डाव हरलं. तरी जेवणं एकाच पंगतीत झाली: केरळी मटण, तांदळाची भाकरी, लबान (पातळ ताक). कोणीतरी लबानमध्ये मूठभर मीठ टाकायला गेला, तर रशीदने त्याचा हात धरला. जेवण संपायच्या सुमाराला केतकीचा फोन आला. हृदयाची एक वाहिनी अरुंद झाली होती, झटका मात्र आलेला नव्हता. उपचार सुरू झाले होते. मैदानात एवढा जल्लोष झाला की कोण जिंकलं होतं हे बाहेरच्याला कळलं नसतं.

पुण्याला परतल्यावर मी दापोलीला फोन केला. घरी कसं सांगावं हे सुचेना, म्हणून सलीमने ते काम माझ्यावर सोपवलं होतं. त्याच्या बायकोने, हमीदाने, सगळं ऐकून घेतलं.

"माझा बाप पण गॅसच म्हणायचा," ती म्हणाली. "सोडा पिऊन झोपला तो उठलाच नाही." मग तिने विचारलं, "यांची गोळी आता यांचीच आहे ना?"

"हो. रोज घेतात."

पुण्यातही छातीत दुखलं की माणसं आधी सोडाच मागतात, हे मला तिच्याशी बोलताना जाणवलं. सोड्यापासून डॉक्टरपर्यंतचं हे अंतर विमानाने कापता येत नाही. मी मॅचचा निकालही सांगून टाकला.

हमीदा मोठ्याने हसली. "हरले? मग संध्याकाळी फोन करतील. हरले की तासभर बोलतात."