आधी सांगायचं की

“आधी सांगायचं की!” बेलची दोरी ओढता ओढता ती म्हणायची. फाटा मागे पडल्यावर एखादे आजोबा “थांबवा, थांबवा” करत उठले, की ती गाडी थांबवायची, त्यांचं गाठोडं स्वतः खाली उतरवून द्यायची आणि वरून हे वाक्य ऐकवायची. आवाज चढा, पण त्यात राग नसायचा.

ती लातूर–कंधार गाडीवर कंडक्टर होती आणि माझ्या घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने राहत होती. वय चाळिशीच्या पुढे, माहेर उमरीकडचं. नवऱ्याविषयी ती बोलत नसे, आम्हीही विचारलं नाही. “आधी सांगायचं की” हे ती सगळ्यांनाच म्हणे. लाईट गेली तर छताकडे बघून म्हणे. मांजर पायात आलं तर त्यालाही म्हणे. माझी बायको तिची नक्कल करायची आणि ती स्वतःच त्यावर सगळ्यांत जास्त हसायची.

खोल्या बघायला आली तेव्हा तिने नळाला पाणी किती दिवसांनी येतं ते विचारलं, खिडकी उघडून बघितली आणि म्हणाली, “काका, दुसरी किल्ली तुमच्याकडंच राहू द्या. कधी लागली तर असावी. पण वर यायचं असलं तर आदल्या दिवशी सांगत जा. मी ड्युटीवर असले तर फोन करा.”

“हो, हो,” मी म्हणालो.

तुमच्यापैकी ज्यांनी घर भाड्याने दिलंय, त्यांना हे “हो, हो” कसलं असतं ते माहीत असेल. तिच्या आधी आमच्याकडे क्लासला आलेली मुलं राहायची. त्यांच्या खोलीत मी वाटेल तेव्हा जायचो. त्यांचे वडीलच सांगायचे, लक्ष ठेवा. शाळेत हेडक्लार्क म्हणून मी तीस वर्षं काढली, दुसऱ्याची कपाटं उघडायची सवय हाताला होतीच. घर माझं, भिंती माझ्या, मग विचारायचं कुणाला?

तर मी जायचो. गच्चीवरून उतरताना, टाकीचा कॉक बघण्याच्या निमित्ताने. दोन मिनिटं उभा राहायचो. ओटा पुसलेला असे, पलंगाची चादर ताणलेली. एकदा मी तिच्या डब्याचं झाकण उघडून शेंगदाण्याची चटणी चाखली होती. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तिला कळायचं. संध्याकाळी जिन्यात भेटली की म्हणायची, “काका, आज वर आला होता का?”

“ते जरा कॉक बघायला.”

“आधी सांगायचं की,” असं म्हणून हसायची. त्या हसण्यामुळे मी निर्धास्त राहिलो. ती चिडली असती तर बरं झालं असतं.

एका दुपारी आमच्या बैठकीच्या छताला ओल दिसली. आमच्याच गल्लीतला प्लंबर नेमका समोरच्या घरी कामाला आला होता, त्याला हाक मारली. तिच्या न्हाणीतला पाइप गळत असणार हे उघड होतं. ती ड्युटीवर होती. फोन माझ्या खिशात होता. मी तो काढला नाही. खिळ्यावरची किल्ली काढली आणि प्लंबरला घेऊन वर गेलो.

मागच्या खोलीत, दार-खिडकी बंद ठेवून, तिने आडवी दोरी बांधली होती. एवढी मोठी गच्ची असताना ही आत का वाळत घालते, असं माझ्या मनात आलं. दोरीवर दोन ब्लाऊज होते आणि शेजारी चिमट्याने लावलेल्या कापडाच्या दोन गोल, फुगीर पिशव्या. हाताने शिवलेल्या, बारीक टाक्यांच्या.

प्लंबरने एक दाबून बघितली. “काका, ही कसली हो उशी? बाळाची?”

मी हसलो. मीही हातात घेऊन बघितली. न्हाणीत जायला दोरी आडवी येत होती, म्हणून मी सगळं काढून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं आणि दोरी सोडली. पाइप दुरुस्त झाला. दोरी परत बांधली, कपडे तसेच राहिले.

संध्याकाळी ती खाली आली. अंगावर खाकी तशीच होती.

“आज वर कोण आलं होतं?”

“प्लंबर. पाइप गळत होता.”

“तुम्ही दोघं?”

“हो.”

“दोरीवरचं कुणी काढलं?”

“मी.”

यावर ती नेहमीचं वाक्य म्हणेल म्हणून मी थांबलो. ती म्हणाली नाही. सरळ आत स्वयंपाकघरात गेली. माझ्या बायकोशी बराच वेळ हळू आवाजात बोलत होती. मग मान खाली घालून वर निघून गेली.

बायको बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल झाले होते. “तिचं छातीचं ऑपरेशन झालंय, दोन वर्षांपूर्वी. एक बाजू काढलीय. त्या पिशव्या ती आलटून पालटून ब्लाऊजच्या आतून लावते. कुणालाच माहीत नाही, तिच्या भावजयांनासुद्धा नाही. आणि तुम्ही परक्या माणसाला नेऊन ते हाताळलंत.”

मला वाटलं, जमीन दुभंगावी. पण माझी खरी चूक अजून व्हायची होती.

दुसऱ्या दिवशी मी प्लंबरला फोन केला. हेतू चांगला होता. असं स्वतःला अजून सांगतो. म्हटलं, “कालचं ते कुठं बोलू नको. बाईचं मोठं ऑपरेशन झालंय छातीचं.”

मग तो म्हणाला, “असं होय! मला तर काईच कळलं नव्हतं, काका.”

त्याला खरंच कळलं नव्हतं. तो ते विसरूनही गेला असता. सांगितलं मीच.

त्याची बायको अर्ध्या गल्लीचे ब्लाऊज शिवते. आठवडाभरात भाजीच्या गाड्यावर बायका आमच्या भाडेकरूबाईंच्या तोंडाकडे न बघता जरा खाली बघू लागल्या. मी फाटकापाशी उभा असताना एकीने तिला विचारलं, “आता बरं हाय का हो बाई?” तिच्या हातात मेथीची जुडी होती. ती तिने हळूच गाड्यावर परत ठेवली आणि घरात आली. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. तेवढ्यात तिला सगळं समजलं असावं.

तिने रीतसर महिनाभर आधी खोली सोडत असल्याचं कळवलं. बदली मागून घेतली होती. त्या महिन्यात मी एकदाही वर गेलो नाही. रोज ठरवायचो की आज माफी मागू, आणि तिची पावलं जिन्यावर वाजली की पेपर तोंडासमोर धरायचो.

जायच्या दिवशी सकाळी टेम्पो आला. तिने खोल्या धुऊन काढल्या होत्या. बायको तिला बिलगून रडली, तीही रडली. मी शेवटी पुढे झालो.

“ताई, माझं चुकलं.”

आपल्याकडे अशा वेळी समोरचा म्हणतो, “असू द्या हो.” माफी मागणारा वयाने मोठा असला तर म्हणतोच. मीही त्याच भरवशावर बोललो होतो.

तिने गादीच्या वळकटीची गाठ आवळली, सरळ उभी राहिली आणि म्हणाली, “हाव. चुकलं.”

मग ड्रायव्हरशेजारी चढून बसली. टेम्पो वळेपर्यंत बायको हात हलवत होती. माझा हात उचललाच गेला नाही.