टिल्लू सरांचं बिनमुळाचं फूल

टिल्लू सरांना कोणी फूल दिलं की ते आधी देठाखाली बघत. मूळ नसेल तर फूल परत. माधव नगरात माझ्या आईने एकदा त्यांना परसातला गुलाब दिला, तेव्हाही म्हणाले, "वहिनी, छान आहे, पण बाकीचा कुठाय?" मेथीची जुडी मात्र ते आनंदाने घेत. मुळासकट माल देणारा भाजीवाला हाच उज्जैनमधला एकमेव शास्त्रशुद्ध माणूस, असं त्यांचं मत होतं.

सर आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे डेमॉन्स्ट्रेटर होते. प्रयोग त्यांनी मांडायचे, लेक्चर दुसऱ्याने द्यायचं. स्वातंत्र्य मिळालं त्या वर्षीच्या उन्हाळ्यात ते कुमाऊंला मेहुण्याकडे गेले होते. तिथल्या उंच उतारावर त्यांना मोहरीच्या कुळातलं एक रानफूल दिसलं. चार पाकळ्या, फिकट जांभळ्या. तेवढ्यात गारा सुरू झाल्या. सरांनी घाईत वरचा भाग खुडला आणि रद्दीच्या कागदात दाबून घरी आणला. झाड एका हंगामात मरणारं असावं असं धरून त्यांनी पुस्तकं चाळली. तसं एकही सापडेना. म्हणजे नवं.

बातमी प्राचार्यांपर्यंत गेली. तोवर मध्यभारत राज्य झालं होतं आणि रोज कशाचं तरी उद्घाटन असायचं. प्राचार्यांनी ठरवलं, फुलाला मंत्र्यांचं नाव द्यायचं आणि त्याच मंचावर सरांना लेक्चरर करायचं. ज्या खुर्चीची सर बावीस वर्षं वाट बघत होते, ती एका फुलामागून चालत येणार होती.

नाव द्यायचं तर नमुना पुरा हवा, म्हणून सरांनीच मेहुण्याकडून तेच झाड मागवलं. समारंभाच्या आदल्या दिवशी पार्सल आलं. मूळ बोटाएवढं जाड, वर गेल्या कित्येक वर्षांच्या पानांचे खुंट. झाड वर्षानुवर्षं जगणारं होतं. तसं धरून पुस्तक उघडल्यावर ते पाच मिनिटांत सापडलं. त्याला नाव केव्हाच मिळालं होतं.

मी त्यांचा विद्यार्थी. प्राचार्यांकडे त्यांच्याबरोबर गेलो.

"टिल्लूजी, मंत्रीजींना जड़-मुळाशी काय लेना-देना?" प्राचार्य म्हणाले. "फूल तर तेच आहे ना?"

"तेच आहे साहेब. तीच अडचण आहे."

"लेक्चररची फाइल परत जाईल. सोच लो."

"सोचलं," सर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मंचावर ते एवढंच बोलले: फूल नवं नाही, मी मूळ आणलं नव्हतं, चूक माझी. त्यानंतर मंत्री पाऊण तास माळव्याने जगाला दिलेल्या नव्या फुलावर बोलले. भाषण आधीच छापून आलं होतं. फाइल परत गेली.

छप्पन साली मध्यभारतही मध्य प्रदेशात विरून गेलं आणि माझी नेमणूक भोपाळच्या नव्या सचिवालयात झाली. देवास गेटला सर बसपर्यंत पोचवायला आले. हातात कागदात गुंडाळलेला पुठ्ठा होता. "तिकडे सगळ्यांनाच घाई असेल," म्हणाले. "हा टेबलाच्या काचेखाली ठेव."

सर डेमॉन्स्ट्रेटर म्हणूनच निवृत्त झाले आणि वर्षभरात गेले. पुठ्ठा अजून काचेखाली आहे. त्यावर चिकटवलेल्या कुमाऊंच्या त्या फुलाच्या पाकळ्यांचा रंग उडाला आहे. खाली त्यांच्या बारीक अक्षरात कूळ, ठिकाण, उंची लिहिली आहे, आणि शेवटच्या ओळीत: "मूळ नाही. गारा पडत होत्या, पण थांबता आलं असतं."